काचेमागे

दुभाषाला नियम एकच:
'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही.
म्हणायचं, मी.

तर मी रोझेल्ला, तुरिनची,
साठीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी,
सव्वानऊला हेडफोन चढवते
आणि ओरुरोच्या खाणीत उतरतो.
मी एकोणीस वर्षांचा आहे, गालात कोकाची पानं,
डोक्यावर थोरल्या भावाची दिव्याची टोपी,
जरा सैल.
अकराला कॉफी.
अकरा वीसला मी कोतोनूच्या गोदीत सिमेंटची पोती वाहतो
आणि मुकादम एक पोतं कमी मोजतो,
रोज. रोज एकच.

सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, नदीकाठची इमारत,
फेब्रुवारीचं धुकं खिडकीला नाक लावून.
बेल्त्रामो मास्तर फळ्यावर लिहितात: सामूहिक वाटाघाटी.
स्वतः त्यांनी एकदाच संप केला, तोही विद्यार्थी असताना.
ते हे लपवत नाहीत.

पुसेलेत्सो फार बोलत नसे.
मासेरूचा कारखाना, लाइन नंबर सात,
जीन्सचे मागचे खिसे, फक्त उजवे.
पहिल्या दिवशी ताटातला पोलेंटा बघून एवढंच म्हणाली,
'हा तर आमचा पापा. कुणी बिघडवला?'
मी भाषांतर केलं.
आचारी सोडून सगळे हसले.

चौथ्या आठवड्यात खोट्या वाटाघाटी.
चिठ्ठ्या टाकल्या. तिच्या चिठ्ठीत मालक निघाला.
तिने खांद्यावरचं ब्लँकेट उतरवलं, घडी घातली,
मास्तरांच्या खिशातलं पेन न विचारता घेतलं,
टेबलावर दोनदा टकटकवलं.

'बसा ना. चहा घेणार?
तुमच्या भावना मला समजतात.
माझ्या हातात असतं तर...
ऑर्डर दुसऱ्या देशात गेली
तर तुमच्याच पोरांच्या तोंडचा घास जाईल.
पाणी? पाण्याचं बघतो.
आणि एवढ्या सगळ्यांनी कशाला यायचं,
एकेकीने या. माझं दार उघडंच असतं.'

ना कागद, ना अडखळणं.
अकरा वर्षं ही वाक्यं कुणीतरी
तिच्या आतून शिवत होतं.

समोर एउलोखियो, संघटनेत मुरलेला गडी,
तीन मालकांना घाम फोडलेला. तो गप्प झाला.
त्याच्या कानात मी बोलत होते,
माझ्या घरगुती आवाजात:
माझं दार उघडंच असतं.
त्याने मान वर केली.
तिच्याकडे नाही, काचेकडे पाहिलं.
माझ्याकडे.

नियम मोडावासा वाटला.
'अरे, ती म्हणतेय, मी नाही.'
आणि खरं तर तीही नाही.
मोडला नाही. पगार त्याचाच आहे.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर ती भेटली.
'छान केलंस,' मी म्हणाले.
ती रुळांकडे बघत म्हणाली,
'तोंडाला अजून चव नाही.'

मग प्रमाणपत्रं, सामूहिक फोटो,
बॅगेत मुलांसाठी चॉकलेट.
सगळे गेले की हॉलमध्ये हेडफोन तेवढे उरतात,
खुर्च्यांच्या पाठींना लटकून.

ऑक्टोबरात तिचा निरोप आला, आवाजातच:
'तीच वाक्यं, रोझेल्ला. त्याच क्रमाने. चहापासून.
बायकांकडून मी सगळं आधीच पाठ करून घेतलं होतं.
तो पाण्यापाशी आला आणि मला हसू फुटलं.
मग सगळ्याच हसल्या. पन्नास जणी.
एकेकीने या, म्हणायचं राहूनच गेलं त्याचं.
मला काढलंय. कागदावर कारणाच्या रकान्यात
खरंच तसं लिहिलंय: हसणे.
नळ बसला मात्र. गेटच्या जाळीतून दिसतो.'

तीनदा ऐकला.
स्वयंपाकघरात कुणी नव्हतं,
ऐकणारं, हेडफोन लावलेलं, कुणीच.
तरी सवयीने ओठ हलले
आणि मी ते इटालियनमध्ये म्हणाले, नियमाप्रमाणे:

मी हसले.
मला काढलंय.
नळ बसला मात्र.